ढोलीत ठेवलेली गिटार

माझं तोंड फटकळ आहे. आमच्या सानगडी गावात कुणालाही विचारा, शिलाईवाल्या बाईचं काम चोख पण जीभ कात्रीपेक्षा धारदार, असंच सांगतील. त्यामुळे आमच्या घरात गिटारवरून दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत जे रामायण झालं, त्यात मी गप्प बसले असेन असं कुणी समजू नये. मी भरपूर बोलले. जे बोलायला पाहिजे होतं तेवढं सोडून सगळं बोलले.

गिटार यांची. हे म्हणजे माझा नवरा. नाव घ्यायची आमच्याकडे रीत नाही, आणि एवढा संसार झाल्यावर मी ती आता कागदावर कशाला मोडू? तर हे घरचे धानाचे शेतकरी. तरुणपणी घरच्यांनी नागपूरला आयटीआय करायला पाठवलं, आणि हे तिथून गिटार शिकून आले. माझे सासरे जिवंत असताना आल्यागेल्याला सांगायचे, पोरगा पाने फिरवायला गेला आणि खुंट्या पिळायला शिकून आला. सांगताना हसायचे, पण त्यातलं निम्मं दुखणं खरं होतं.

आमच्या झाडीपट्टीत धान कापून झालं, दिवाळी झाली, की गावोगाव मंडई भरते, बैलांचे पट, म्हणजे शर्यती, लागतात आणि मंडई-पटाच्या निमित्तानं नाटकं होतात. होळीपर्यंत हंगाम चालतो. नाटकाला ऑर्गन पाहिजे, तबला पाहिजे. गिटार काही कुणी मागत नव्हतं. पण यांनी नाटक कंपनीच्या मालकाला गळ घालून स्टेजच्या बाजूला आपली खुर्ची मिळवली, आणि पुढे अशी सवय लागली लोकांना की हे एखाद्या गावी गेले नाहीत तर विचारायचे, तो गिटारवाला भाऊ कुठे आहे? वर्षातले आठ महिने धानाच्या बांधीतल्या चिखलात उभा राहणारा माणूस, त्या चार महिन्यांत इस्त्रीचा सदरा घालायचा. तो सदरा मीच शिवलेला असायचा. मला त्या माणसाचा फार अभिमान होता. तोंडावर कधी म्हटलं नाही, पण होता.

ही गिटार आमचा मुलगा बालवाडीत होता तेव्हा घेतलेली. मधाच्या रंगाची, एका खांद्याला कापल्यासारखी, म्हणजे हात खालच्या पट्ट्यांपर्यंत पोचावा. बाजूच्या लाकडात एक लहान काळी डबी बसवलेली, तिला आवाज कमीजास्त करायच्या सरकपट्ट्या आणि आत चौकोनी बॅटरी. वायर लावली की माईकशिवाय सगळ्या मंडपाला ऐकू जायची, काढली की घरातल्या घरात वाजवता यायची. घरात वाजवायला लागले की मी मशीन थांबवत नसे. यांना राग यायचा. मी म्हणायची, तुमचा हंगाम चार महिने, माझा बारा महिने.

मग मागच्या श्रावणात ते झालं. धानाची रोवणी आटोपली होती. सकाळी बांधीतलं पाणी पाहायला म्हणून गेले, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसले आणि त्यांना उठताच आलं नाही. शेजारच्या बांधीतल्या माणसांनी उचलून आणलं. साकोलीला नेलं, तिथून नागपूरला. लकवा. वाचा वाचली, पाय हळूहळू कामापुरता आला. डावा हात मात्र बोटं मिटून छातीशी बसून राहिला.

डावा हात. जो येईल तो तेच म्हणायचा, नशीब समजा, डाव्यावर गेलं. डॉक्टर म्हणाले, नर्सबाई म्हणाल्या, भेटायला आलेले सोयरे म्हणाले. उजव्यानं घास खाता येतो, सही करता येते, काठी धरता येते. खरंच होतं. पण गिटार वाजवणाऱ्याचा डावा हात म्हणजे तारा दाबायचा हात. उजवा नुसता तार छेडतो, कोणता सूर निघणार ते डावा ठरवतो. मी तिथे दवाखान्याच्या खाटेजवळ उभी राहून प्रत्येकाला मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, तुमचं नशीब तुमच्याजवळ ठेवा बाप्पा. हे मात्र छताकडे पाहायचे.

आम्ही नागपूरला असताना घरी सासूबाई एकट्या. पावसाळ्यात आमच्याकडे सगळ्याला बुरशी धरते, चपला, कपडे, लाकडी पाट, सगळ्याला. त्यांच्या मनात आलं, पोराची गिटार ओल धरेल. आता ओल कशानं जाते? मुलगा मागे सुट्टीत आला होता तेव्हा त्याचा भिजलेला मोबाईल त्यानं तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला होता आणि तो चालू झाला होता, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. घरात धानाची ढोली होतीच. बांबूची, शेणानं सारवलेली, माणूस आत उभा राहील एवढी, आणि तळाला मागच्या सालचं धान उरलेलं. बाईंनी गिटार आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळली, शेजारणीच्या मदतीनं ढोलीत उतरवली आणि वरून धान ओढून झाकून टाकली. तांदूळ जर एवढ्याशा मोबाईलला वाचवतो, तर ढोलीभर धान गिटारला का नाही वाचवणार? यात चूक कुठे आहे ते मला आजही त्यांना समजावून सांगता येत नाही.

आम्ही परत आल्यावर मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, जपून ठेवली आहे, तू घोर करू नको. मीही खोदून विचारलं नाही. यांच्या नजरेला ती पडू नये असंच मला तेव्हा वाटत होतं.

दिवाळीनंतर नवं धान घरात यायच्या आधी ढोली रिकामी करायची होती. जुनं धान गिरणीत पाठवायचं म्हणून मी आणि शेजारीण उपसत होतो, तर खालून लुगड्याचा काठ वर आला. मला आधी काही कळलंच नाही. ओढलं तर लांबलचक काहीतरी, आणि आतून धान सळसळल्याचा आवाज. सोडून पाहते तर गिटार. धानानं तिच्यातली ओलच काय, लाकडाचा जीवही शोषून घेतला होता. तारा अडकवतात त्या खालच्या पट्टीपासून पार बुडापर्यंत लाकडाला सरळ भेग. बाजूच्या डबीतली बॅटरी फुटून हिरवट पांढरं काहीतरी बाहेर आलेलं. पोटात पसाभर धान.

मी काय बोलले ते लिहीत नाही. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ओल त नाही लागली ना?

हे बाजेवर बसले होते. मला वाटलं, आता या माणसाचं काय होईल. आणि हे हसायला लागले. लकव्यानंतर पहिल्यांदा. तोंड थोडं वाकडं व्हायचं हसताना, तरी हसत राहिले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग मला गिटार मांडीवर ठेवायला सांगितली. उजव्या हातानं तारा छेडल्या. सगळ्या ढिल्या, गंजलेल्या, एक सूर धड नाही. तारांवर तळवा ठेवून त्यांनी आवाज बंद केला आणि म्हणाले, विकून टाका.

तिथून सुरू झालं. मुलाला फोनवर कळलं, तो पुण्यात नोकरीला. त्याचं मत, जुनी काढून टाका आणि बाबाला नवी घेऊन देऊ, पातळ पोटाची, हलकी, नरम तारांची, बोटाला जोर लागत नाही अशी. रोज फोटो पाठवायचा. ही पाहा, ती पाहा, हिच्यात ब्लूटूथ आहे. ते ठीक नसेल तर याच गिटारमध्ये नवी डबी बसवू, वरची फळी बदलून घेऊ, नागपुरात करून देतात म्हणे. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? मी म्हटलं, बेटा, बोटं नरम तारांची वाट पाहत थांबलेली नाहीत. तो चिडला. म्हणाला, तुम्ही लोक प्रयत्नच करत नाही. मी फोन ठेवून दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले, कारण प्रयत्न करणारी त्या घरात मी एकटी होते.

सासूबाईंचं मत, गिटार ठेवायची. फुटकी असो, मुकी असो. जिवंत माणसाची वस्तू घराबाहेर काढायची नसते. माणूस गेल्यावर त्याचे कपडे, त्याची काठी, त्याची खाट लोकांना देतात. हा बसला आहे ना समोर जिवंत, मग आताच कशाला वाटायला काढता? असं त्या म्हणायच्या आणि पदर डोळ्यांना लावायच्या. त्यांच्याशी वाद घालणं मला जमत नव्हतं, कारण या एका बाबतीत मी त्यांच्या बाजूची होते.

माझं गणित वेगळं होतं, पण उत्तर तेच. गिटार घरात राहिली तर हात परत येईल. गिटार गेली तर हातानं यायचं कशासाठी? इतकं सरळ. लिहिताना लक्षात येतं की यात सरळ काहीच नव्हतं, पण तेव्हा मी याच्यावर जगत होते. रोज मशीनवर बसून दुसऱ्यांच्या ब्लाऊजना काज करता करता मी पुढच्या मंडईचं चित्र पाहायची, हे खुर्चीत बसलेत, नवा सदरा, हात पट्टीवर फिरतोय.

म्हणून मी कुणाला न विचारता गिटार दुरुस्त करून घेतली. चादरीत बांधून बसनं साकोलीला नेली. सुतारानं भेगेत डिंक भरून, वरून शिकंजे आवळून दिलं. दिसते ती, जखमेसारखी रेघ, पण धरलं. माईक दुरुस्त करणाऱ्यानं डबी साफ केली, नवी बॅटरी घातली. नुसती घरघर येते म्हणाला, पण वाजेल. तारा भंडाऱ्याहून मागवल्या. परत आणून मी ती यांच्या बाजेसमोरच्या भिंतीवर खिळा ठोकून टांगली. सकाळी डोळे उघडले की समोर दिसली पाहिजे.

यांनी पाहिलं. विचारलं, काहून आणलीस? मी म्हटलं, घरची वस्तू घरी आणली, त्यात काहून काय?

साकोलीला व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम होत्या. त्यांनी एक रबरी चेंडू दिला होता, डाव्या मुठीत धरून दाबायचा. मी दिवसातून किती वेळा तो त्यांच्या मुठीत कोंबला असेल. दाबा. अजून दाबा. तुम्ही मनावर घेत नाही. शेजारच्या गावातला तो अमका, त्याला तर दोन्हीकडून गेलं होतं, आज ट्रॅक्टर चालवतो. हे थोडं दाबायचे, चेंडू सुटून बाजेखाली जायचा, मी वाकून काढायची. एक दिवस मी गिटारच त्यांच्या मांडीवर ठेवली आणि त्यांची बोटं एकेक करून सरळ केली, पट्टीवर गुंडाळली, वरून माझ्या हातानं दाबून धरली. हात सोडला की बोटं घसरायची. पुन्हा धरायची, पुन्हा घसरायची. हे बसले होते, माप द्यायला उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकासारखे. शेवटी सासूबाई म्हणाल्या, सोड वो बाई त्याले.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. मॅडमनी मला एकदा बाहेर बोलावून सांगितलं होतं की मूठ कदाचित वळेल, ताट धरता येईल, गुंडी लावताना कापड धरता येईल. पण एकेक बोट वेगळं उचलून वेगळं ठेवता येईल याची खात्री त्या देत नव्हत्या, त्याची आस फार लावू नका, म्हणाल्या. मी बरं म्हटलं आणि घरी येऊन चेंडू पुन्हा त्यांच्या मुठीत दिला.

संक्रांतीच्या आसपास, दुपारी जेवणं झाल्यावर, दारात मोटारसायकल थांबली. पवनीचा माणूस, चाळिशीतला, कापडाचं दुकान. मुलगी कॉलेजात, तिला गिटार शिकायची. कुणाच्या तरी ओळखीनं यांनीच त्याला फोन करून बोलावलं होतं. मला पत्ता नाही. मी पाण्याचा गिलास असा आपटला की बिचारा दचकला.

माणूस भला होता. यांनी त्याच्यापासून काही लपवलं नाही. भेग दाखवली, ढोलीची गोष्ट सांगितली, घरघर येते तेही सांगितलं. भाव काय सांगायचा तो एकदाच सांगितला, त्यानं मान्य केला. मग तो म्हणाला, भाऊ, मला यातलं काही कळत नाही, जरा वाजवून दाखवा ना, आवाज ऐकला की पोरीला सांगायला बरं.

थंडीचे दिवस, यांच्या अंगावर शाल होती. डावा हात शालीत. त्याला दिसलाच नव्हता. आणि यांनी बाकी सगळं सांगितलं होतं, हे सांगितलं नव्हतं.

सासूबाईंनी तोंड फिरवलं. हे त्या माणसाकडे पाहत राहिले, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मला सहन झालं नाही. मी म्हटलं, थांबा, आम्ही दोघं मिळून वाजवतो. कुठून आलं तोंडात देव जाणे. आयुष्यात मी त्या गिटारला पुसण्यापलीकडे हात लावला नव्हता.

यांचा लहान अँप, आवाज मोठा करायचा डबा, कोपऱ्यात होता, त्याला वायर लावली. घरघर सुरू झाली. गिटार त्यांच्या मांडीवर दिली, मी त्यांच्या डाव्या अंगाला बाजेवर बसले आणि पट्टीखालून हात घातला. यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात, शिकवणाऱ्यासारखं सांगायला लागले. दुसरी पट्टी. वरून दुसरी तार अन् तिसरी. दाब. अजून. सुईनं माझी बोटं निबर झालेली आहेत, तरी तार मांसात रुतली. यांनी उजव्या हातानं वरून खाली बोटं फिरवली.

भरून आवाज आला. आमच्या त्या ओसरीत, भेगेतून, घरघरीच्या वरून. मला माझ्या बोटांच्या टोकाला तो हलताना कळला. एवढी वर्षं मी हा आवाज मशीनच्या खडखडाटातून ऐकला होता. हे म्हणाले, आता दोन्ही बोटं एकेक तार खाली सरकव, अन् तर्जनी पहिल्या पट्टीवर, पाचव्या तारेले लाव. मी लावली. त्यांनी वाजवलं. पुन्हा पहिलं. पुन्हा दुसरं. माझं बोट चुकलं की थांबायचे, सरळ झालं की वाजवायचे. मी इतकी खूश झाले होते की पवनीचा माणूस समोर बसला आहे हेच विसरले. मला वाटलं, सुटलं कोडं. हात नसेल येत तर न येवो, माझा आहे. मी शिकेन. एकाच गिटारवर आम्ही दोघं वाजवू.

वाजवून झाल्यावर तो माणूस म्हणाला, छान आहे, घेतो मी. मी म्हटलं, आता विकायची नाही.

यांनी वायर काढायला सांगितली. सासूबाईंना चहा ठेवायला सांगितलं. पाहुण्याला म्हणाले, बसा भाऊ, आलोच. आणि काठी घेऊन आतल्या खोलीत गेले. मी मागे गेले. मला वाटलं, तेही खूश आहेत.

ते पेटीवर बसले होते. शाल बाजूला करून त्यांनी डावा हात उजव्यानं उचलला आणि मांडीवर ठेवला, मला नीट दिसेल असा.

"तुले काय वाटते, मले समजत नाही?" ते म्हणाले. "तू त्या गिटारले पाहतेस अन् माह्या हाताची वाट पाहतेस. मी सकाळी उठलो का पहिले हातच पाहतो. तो नाही येऊन राहिला. मॅडमनं मले कवाच सांगितलं."

मी म्हटलं, आता तर हाताची गरजच नाही, माझा हात आहे.

"तुहा हात माहा नाही वो. आता दाबून राहिली होतीस तवा मले पक्कं समजलं, हे काम माह्याकडून गेलं. त्याच्या पहिले उलीशी आस मलेही होती." ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर मला बरं झालं असतं, मी भांडले असते. "लकव्याच्या पहिलेचा माणूस तू भितीवर टांगून ठेवला. अन् मले रोज म्हणतेस, असा होऊन दाखव. सहा महिने झाले, तू मले पाहूनच नाही राहिली. मी आता हा आहो. याच्यासंग राहाचं का नाही, तेवढं सांग."

मी उभी होते तिथेच खाली बसले आणि त्यांच्या गुडघ्याला डोकं लावलं. लाज वाटली, राग आला, आणि सगळ्यात जास्त वाटलं ते दुःख. त्यांच्या हाताचं नव्हे. रोज सकाळी एकट्यानं हात पाहायचा आणि तो आला नाही हे मला कळू द्यायचं नाही, असं या माणसानं श्रावणापासून काढलं होतं. आणि वर माझा चेंडू दाबला होता.

मी बाहेर येऊन, साकोलीला नेली होती त्याच चादरीत गिटार बांधली. सासूबाई आडव्या आल्या. मी म्हटलं, बाई, जिवंत माणूस आत बसला आहे, त्याच्याकडे पाहा. त्या बाजूला झाल्या. पवनीच्या माणसाला मी सांगितलं, पावसाळ्यात कपाटात ठेवा, तांदळात ठेवू नका, महिनोमहिने वाजवली नाही तर बॅटरी काढून ठेवा. मोटारसायकलवर ती पाठीला बांधायला मीच मदत केली. तो वळणावर दिसेनासा झाला तरी मी रस्त्यात उभी होते. शेजारीण विचारायला आली, काय वो, विकली? मी हो म्हटलं आणि घरात गेले.

मुलाला रागच आला. मला न विचारता कशी विकली, म्हणाला. यांनी स्वतः फोन घेतला, बरंच बोलले त्याच्याशी, पिकाचं, पुण्याच्या थंडीचं. गिटारचं काय बोलले ते मी ऐकलं नाही.

हे सगळं सुटसुटीत संपलं असं नाही. संध्याकाळी लाईट लावताना माझी नजर अजून त्या मोकळ्या भिंतीवरच्या खिळ्याकडे जाते. शेजारच्या गावात नाटक असलं, लाऊडस्पीकर ऐकू आला, की हे उठून दार लावून घेतात. तेव्हा मी समजवायला जात नाही.

त्यानंतरच्या रविवारची गोष्ट सांगते. लकवा झाल्यापासून दर रविवारी मी यांची नखं कापते, अंगणात उन्हाला बसून. उजव्याची कापून झाली, डावा हात मांडीवर घेतला. मिटलेली बोटं एकेक उघडायची आणि कापायची. गिटार वाजवणाऱ्यांना डाव्या हाताची नखं पार मांसाला लागून कापावी लागतात, एवढंसं जरी वाढलं तरी तार नीट दाबली जात नाही. लग्न झाल्यापासून मी यांना तसंच कापताना पाहिलं होतं, आणि मीही दर रविवारी तसंच कापत आले होते. त्या दिवशीही अंगठा कापला, तर्जनी कापली, खोल, अगदी गुलाबीला लागून.

"आता इतके बारीक कायले कापतेस?" हे म्हणाले.

माझा हात थांबला. किती ठेवायचं ते मला माहीतच नव्हतं. त्या बोटांवर वाढलेलं नख मी कधी पाहिलेलंच नव्हतं. मी मधलं बोट उघडलं, नखाची पांढरी कड तशीच ठेवून वरवरचं टोक कापलं, आणि त्यांना विचारलं, एवढं बरं आहे का?

त्यांनी हात डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. बरं आहे, म्हणाले, आणि पुढचं बोट माझ्यापुढे केलं.